अकरावी-बारावीला जागतिक राजकारण: ताज्या बातमीवरून सुरुवात कशी करावी? (खान्देशातल्या वर्गांसाठी)

पांझराकाठ :
शिरपूर-दोंडाईचा पट्ट्यातला कला शाखेचा वर्ग. साठ मुलं, चाळीस मिनिटांची तासिका, फळा, जगाचा एक जुना नकाशा. प्रोजेक्टर आहे, पण वीज असेल तेव्हा. बारावीचं राज्यशास्त्राचं पुस्तक '१९९१ नंतरचे जग' पासून सुरू होतं. सोव्हिएत संघ कधी कोसळला ते मुलं सांगतात, पण बातमीत सुरक्षा परिषद आली की ती ठरवते काय आणि तिचं ऐकतं कोण, इथे सगळे गप्प. स्पर्धा परीक्षेच्या 'चालू घडामोडीं'मुळे राजधान्या आणि चलनं तोंडपाठ आहेत, त्यांचा इथे काही उपयोग होत नाही.
बातमी कुठली निवडावी, किती तासिका द्याव्यात आणि कुठे फसतं, एवढंच हवंय. अनुभवकथन नको, कृती सांगा.

तापीथडी :
बातमी निवडताना तीन गोष्टी बघा. एक, त्यात कुणीतरी निर्णय घेतलेला असावा आणि त्याचा कागद मिळावा: ठराव, करार, अधिसूचना, काहीही. दोन, किमान तीन पक्ष असावेत. दोनच असले की वर्ग लगेच 'आपले' आणि 'त्यांचे' असा फुटतो. तीन, विषय तीन आठवडे तरी टिकावा. नेत्यांच्या भेटीगाठी आणि हस्तांदोलनाचे फोटो या चाळणीतून आपोआप गळतात, ते बरंच आहे.

आपल्याकडे पहिला धडा कापसाचा घ्या. घटना २०२५ ची. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियाकडून तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. मधल्या काळात, १९ ऑगस्टला, भारत सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क ३० सप्टेंबरपर्यंत उठवलं आणि पुढे ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत नेली. सूतगिरण्यांना स्वस्त रुई हवी होती. शेतकरी संघटना म्हणाल्या की ऐन वेचणीच्या तोंडावर भाव पडणार. तिकडे अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलियाचे निर्यातदार. म्हणजे पक्ष तीनाहून जास्तच.

आधी गणित करून घ्या, राजकारण त्यातूनच निघतं. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापसाचा भाव पौंडाला सेंटमध्ये असतो, आपल्याकडे रुईचा भाव खंडीला. एक खंडी ३५६ किलोची, म्हणजे ७८४ पौंड. समजा वायदा ७० सेंट आणि डॉलर ८५ रुपये. ०.७० × ७८४ = ५४८.८ डॉलर, म्हणजे खंडीला ४६,६४८ रुपये. यावर ११ टक्के लावा: ५१,७७९. जहाजाचं भाडं, विमा वगैरे सोडून. खंडीमागे पाच हजारांवर फरक दिल्लीतल्या एका अधिसूचनेने पडतो, हे मुलांनी स्वतःच्या वहीत काढलेलं असावं. जिनिंगवाल्यांच्या घरची मुलं वर्गात असतीलच, त्यांना फळ्यावर बोलवा. क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई आणि बाकीची बहुतेक सरकी, हे ती सरांपेक्षा चांगलं सांगतात.

मग प्रश्न टाका: शुल्क उठवल्याचा फायदा एकट्या अमेरिकेला झाला का? नाही. सवलत सगळ्या देशांना होती. ऑस्ट्रेलियाला तर २०२२ च्या व्यापार करारानुसार वर्षाला ५१,००० टन शुल्कमुक्त कोटा आधीच होता. १७० किलोची गाठ धरली तर त्या तीन लाख गाठी होतात, हेही मुलांनाच काढू द्या. इथे 'अमेरिकेपुढे झुकलो' आणि 'अमेरिकेला धडा शिकवला' ही दोन्ही वाक्यं कागदापुढे टिकत नाहीत, आणि वर्गाला पहिल्यांदा कळतं की परराष्ट्र धोरणाला देशातल्या गिरण्या आणि देशातलेच शेतकरी दोन्हीकडून ओढत असतात.

हे तीन तासिकांचं काम आहे: एक गणिताला, एक पक्षांच्या बाजूंना, एक लेखी उताऱ्याला. फसतं ते आकड्यांमुळे. शुल्काचे दर महिन्याला बदलतात, जुना दर वर्षभर घोकला जातो. फळ्यावर प्रत्येक दराशेजारी तारीख लिहा, आणि शिकवायच्या आठवड्यात ताजा दर पाहून घ्या.

गिरणाकाठ :
तुमनं म्हननं पटनं भाऊ. रावेर-यावलच्या वर्गाला कापसाऐवजी केळी घ्या, मालमसाला जास्त आहे. भारत केळी पिकवण्यात जगात पहिला, पण निर्यातीत पहिला इक्वेडोर, इथून सुरुवात. मग ग्वाटेमाला: १९५२ चा जमीन सुधारणा कायदा, त्यात अमेरिकी फळ कंपनीची पडीक जमीन गेली, आणि १९५४ मध्ये सीआयएच्या मदतीने तिथलं निवडून आलेलं सरकार पाडलं गेलं. त्यानंतर युरोपाचा केळीतंटा. युरोपीय संघाने १९९३ पासून आपल्या जुन्या वसाहतींच्या केळ्यांना झुकतं माप दिलं, लॅटिन अमेरिकेतले देश आणि अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेले, जिंकले, तरी तडजोडीला २००९ उजाडलं. निकाल लागणं वेगळं आणि त्याची अंमलबजावणी होणं वेगळं, हे यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल.
अवांतर: इराण आपल्या केळ्यांचं गिऱ्हाईक. भारताने अमेरिकी निर्बंधांमुळे २०१९ च्या मे महिन्यानंतर इराणी तेल घेणं थांबवलं. त्या तेलाच्या रुपयांतूनच आपल्या निर्यातदारांचे पैसे चुकते होत, तो हौद आटला. निर्बंध म्हणजे काय, हे समजावायला एवढं एकच उदाहरण पुरतं.

वाघूर :
थोडा विरोध नोंदवतो. प्रत्येक बातमी आपल्या बाजार समितीपर्यंत ओढून आणायची सवय लागली की मुलं असं धरून चालतात की आपल्यापर्यंत पोचत नाही ते महत्त्वाचंच नाही. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे, लाखो लोक घर सोडून पळालेत, आणि त्याचा जळगावच्या भावफलकावर काहीही परिणाम नाही. म्हणून तो शिकवायचाच नाही का? पहिला धडा कापसाचा असू द्या, पण दुसरा मुद्दाम असा घ्या की ज्यात आपला काही हिशोब नाही.

माझ्या मते दुसरा धडा मतदानाचा असावा. २५ फेब्रुवारी २०२२ ची सुरक्षा परिषद वर्गात उभी करा, रशियाच्या युक्रेनवरच्या हल्ल्याविरुद्धचा ठराव मताला आला ती. तेव्हाचे पंधरा सदस्य: अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स हे कायमचे; आणि अल्बानिया, ब्राझील, गॅबॉन, घाना, भारत, आयर्लंड, केनिया, मेक्सिको, नॉर्वे, संयुक्त अरब अमिराती हे दोन वर्षांचे. साठ मुलं म्हणजे बरोब्बर चार-चार जणांचे पंधरा गट. देश चिठ्ठीने ठरवा. निवडू दिलं की सगळ्यांना अमेरिका नाहीतर भारत हवा असतो आणि गॅबॉनला कुणी वाली राहत नाही.

पहिल्या तासिकेत प्रत्येक गटाला पाव कागद द्या आणि चार ओळी लिहून घ्या: शेजारी कोण, तेल आणि शस्त्रं कुणाकडून येतात, कर्ज किंवा मदत कुणाची, आणि भीती कशाची. भूमिका अजून लिहायची नाही. दुसऱ्या तासिकेत प्रत्येक देशाला दीड मिनिट. पंधरा देशांची साडेबावीस मिनिटं होतात, उठबस धरून पंचवीस. मग पाच मिनिटांत हात वर करून मतदान आणि उरलेल्या दहा मिनिटांत खरा निकाल: ११ बाजूने, रशियाचा नकाराधिकार (कायमच्या एकाही सदस्याने विरोधात मत दिलं की ठराव पडतो), आणि चीन, भारत, अमिराती तटस्थ. ठराव मंजूर व्हायला नऊ मतं पुरतात, इथे अकरा पडली, तरी ठराव पडला. वर्ग दोन मिनिटं खवळतो. खवळू द्या.

तिसरी तासिका 'मग पुढे काय' साठी राखा. २७ फेब्रुवारीला परिषदेने आमसभेचं, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेचं, आणीबाणीचं अधिवेशन बोलावलं. परिषदेतल्या या ठरावालाही रशियाचा विरोध होता, पण तो कामकाजाचा ठराव, त्यावर नकाराधिकार चालत नाही. २ मार्चला आमसभेत १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. सदस्य १९३, मग उरलेले १२ कुठे गेले? गैरहजर. तटस्थ राहणं आणि गैरहजर राहणं यांत फरक आहे, तो इथेच पक्का करून घ्या. मोबाईलवरचं भाषांतर बऱ्याचदा दोन्ही एकाच शब्दात गुंडाळतं. आणि पाठोपाठ आमसभेतलंच २४ फेब्रुवारी २०२५ चं मतदान ठेवा: युक्रेनच्या बाजूने ९३, विरोधात १८, तटस्थ ६५, आणि विरोधकांत रशियाबरोबर अमेरिका. 'तीन वर्षांत काय बदललं?' एवढा एकच प्रश्न गृहपाठाला पुरे.

पांझराकाठ :
हे उत्तम. पण मुलं विचारणार, ज्याच्यावर आरोप आहे तोच मत कसं देतो? आणि बाकं जमिनीला ठोकलेली आहेत, गोल करता येत नाही.

वाघूर :
बाकांचं सोपं आहे. पंधरा पुठ्ठ्यांवर देशांची नावं, प्रत्येक गटाचा एकच प्रवक्ता समोर रांगेत, बाकीचे तीन जागेवरून चिठ्ठ्या पाठवतील. उलट खऱ्या परिषदेतही मागे बसलेले अधिकारी तेच करतात.

पहिला प्रश्न मात्र खरंच चांगला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २७ व्या कलमात वादातल्या पक्षाने मत देऊ नये असं आहे, पण ते सहाव्या प्रकरणाखालच्या, म्हणजे शांततेने तंटा सोडवण्याच्या निर्णयांपुरतं, आणि व्यवहारात तेही फारसं पाळलं जात नाही. आणखी एक तपशील: त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद रशियाकडेच होतं, कारण ते इंग्रजी वर्णानुक्रमाने दर महिन्याला फिरतं. म्हणून वर्गातही अध्यक्ष रशियाच्या गटातला करा. त्याला वेळ सांभाळायची असते, त्यामुळे रशियाच्या पोरांची टिंगल आपोआप थांबते.

हा धडा हमखास फसतो तो एका कारणाने: सगळे गट चांगुलपणाने मत देतात आणि निकाल पंधरा-शून्य लागतो. चार ओळींचा कागद घाईत भरला की असं होतं. मतदानाआधी प्रत्येक प्रवक्त्याने त्यातली एक ओळ मोठ्याने वाचायचीच असा नियम करा. केनियाच्या गटाला एक जादा सूचना द्या. केनियाच्या प्रतिनिधीने २१ फेब्रुवारीच्या बैठकीत वसाहतवाद्यांनी आखलेल्या आफ्रिकेच्या सीमांचा दाखला देऊन रशियाला विरोध केला होता. त्या सीमा आम्हाला आवडल्या नव्हत्या, तरी त्या स्वीकारून पुढे गेलो, असा त्याचा आशय. रशियाला विरोध म्हणजे युरोपची री ओढणं, असं मानणाऱ्या मुलांना हा धक्का उपयोगी पडतो.

सातपुडा_पायथा :
नंदुरबारकडून. इथल्या मुलांना आंतरराष्ट्रीय राजकारण शोधायला कीव्हला जायची गरज नाही, अक्कलकुवा पुरे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. विस्थापितांच्या लढ्यानंतर बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली, मोर्स समिती. तिचा अहवाल १९९२ मध्ये आला आणि पुनर्वसनावर तो कडक होता. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षी बँकेने तक्रारी ऐकायला निरीक्षण पॅनल स्थापन केलं, आणि १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जांविरुद्ध जे जाहीरनामापत्र काढलं त्याला नाव दिलं मणिबेलीचं. अक्कलकुवा तालुक्यातलं गाव! राज्यसंस्था, आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था आणि जनआंदोलन हे तिन्ही घटक एकाच प्रकरणात सापडतात.

त्याला जोडून नाईल घ्या. नर्मदेच्या पाण्यावर राज्यं भांडली तेव्हा १९६९ मध्ये लवाद बसला, १९७९ मध्ये निवाडा आला: मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५ आणि महाराष्ट्र ०.२५ दशलक्ष एकर फूट. पटो न पटो, सगळ्यांवर बंधनकारक. आता नाईल: १९५९ च्या करारात इजिप्तला ५५.५ आणि सुदानला १८.५ अब्ज घनमीटर. इथिओपिया त्या करारात नाहीच, आणि इजिप्तला पोचणारं सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्याच डोंगरांतून येतं. त्याने निळ्या नाईलवर मोठं धरण बांधलं, सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटनही केलं. इजिप्तने तक्रार कुणाकडे करायची? सुरक्षा परिषदेत गेला, तिने आफ्रिकी संघाकडे बोट दाखवलं. राज्यांच्या वर केंद्र आणि सर्वोच्च न्यायालय आहे, देशांच्या वर कुणी नाही, ही आमच्या विषयाची पहिली संकल्पना या दोन नद्या शेजारी ठेवल्या की व्याख्येशिवाय कळते. यानंतर सिंधू करार (१९६०, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला) घेतला तर मुलं घोषणा न देता बोलतात. क्रम उलटा केला, म्हणजे सिंधूवरून सुरुवात केली, तर नाईलपर्यंत कुणी पोचतच नाही.

भाषेबद्दल एक. गटातली चर्चा पावरी, भिली, अहिराणी, जी घरची असेल तीत होऊ द्या, फक्त दीड मिनिटाचं निवेदन मराठीत. पहिल्यापासून प्रमाण मराठीचा आग्रह धरला तर चारातली दोन मुलं तोंडच उघडत नाहीत.

बोरी_अमळनेर :
गाझा-इस्रायल आणि पाकिस्तान हे विषय वर्गात आणावेत की टाळावेत? आमच्याकडे वर्ग मिश्र आहे, पालक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहतात.

तापीथडी :
टाळू नका. पण वर्षाच्या पहिल्या सत्रात नको, आणि मतप्रदर्शनाने सुरुवात नको. भारताच्या अधिकृत भूमिकेची तारखांची पट्टी फळ्यावर लिहा आणि पहिली वीस मिनिटं फक्त तीच वाचा. २९ नोव्हेंबर १९४७, पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव: ३३ बाजूने, १३ विरोधात, १० तटस्थ, आणि भारत विरोधात. १९५०, इस्रायलला मान्यता. १९७४, पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला मान्यता. १९८८, पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता. जानेवारी १९९२, इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध. आणि दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबा. घरून आणलेली कुठलीच बाजू या पट्टीत पूर्ण बसत नाही. प्रत्येक तारखेपुढे एकच प्रश्न, 'त्या वर्षी जगात आणि भारतात काय चाललं होतं?' १९९२ पुढे सोव्हिएत संघाचं विघटन मुलं स्वतः लिहितात, म्हणजे पुस्तकातलं पहिलं प्रकरण आपोआप शिकवून होतं.

पालकांचं म्हणाल तर कागद दाखवता येतो ही मोठी सोय आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मतदानानंतर दिलेली भारताची निवेदनं असतात. इंग्रजी जड वाटलं तर पाचच ओळी मराठी करून फळ्यावर द्या.
एक गोंधळ आधीच मिटवा: हेगमध्ये दोन न्यायालयं आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश देशाला खेचतो. कुलभूषण जाधव प्रकरण आणि दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध केलेली तक्रार, दोन्ही तिथली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय व्यक्तींवर वॉरंट काढतं: मार्च २०२३ मध्ये पुतिन, नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू. या दुसऱ्याचे भारत, अमेरिका, चीन, रशिया कुणीच सदस्य नाहीत. वर्तमानपत्रंसुद्धा मथळ्यात दोन्हींची सरमिसळ करतात.

गिरणाकाठ :
नकाशाबद्दल कुणीच बोललं नाही. इंटरनेटवरून उतरवलेला जगाचा नकाशा वर्गात लावू नका, त्यात जम्मू-काश्मीरची सीमा हमखास चुकीची असते, आणि तो कायद्याने गुन्हा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा घ्या. दुसरं, भिंतीवरचा सपाट नकाशा अंतरं आणि आकार दोन्हींत फसवतो: ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट. जहाजांचे मार्ग मोजायला पृथ्वीगोल आणि सुतळी वापरा. मुंबईपासून सुएझमार्गे रॉटरडॅमपर्यंत एक सुतळी, आफ्रिकेला वळसा घालून दुसरी, दोन्ही शेजारी धरा. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर दहा ते चौदा दिवस जास्त का लागू लागले, ते फळ्यावर काही न लिहिता कळतं. पृथ्वीगोल निदान एक फूट व्यासाचा हवा, छोट्यावर सुएझ बोटाखाली झाकलं जातं.

पांझराकाठ :
आता एवढंच: गुण कसे द्यायचे? आणि हे सगळं अभ्यासक्रम संपवून जमेल का?

वाघूर :
वेगळा वेळ काढू नका, प्रकरणांना जोडा. कापूस आणि केळी जागतिकीकरणाच्या प्रकरणाला, मणिबेली मानवतावादी मुद्द्यांना, मतदान 'भारत आणि जग' ला. एकूण दहा-अकरा तासिका जातात, त्यातल्या निम्म्या तुम्ही त्या प्रकरणांवर तशाही घालवणार होतात. नववीला हवं असेल तर संयुक्त राष्ट्रांचं प्रकरण त्यांच्याही पुस्तकात आहे, पण तिथे भाषणं एका मिनिटाची आणि देश पंधराऐवजी सात करा.

गुण भाषणाला देऊ नका, नाहीतर वक्तृत्व स्पर्धेतली तीच चार मुलं सगळे गुण घेऊन जातात. दहा गुण धरा: पाव कागदावरच्या चार ओळींना चार, मतदानानंतरच्या दीडशे शब्दांच्या टिपणाला सहा. टिपणाचा प्रश्न सगळ्यांना एकच, 'तुमच्या देशाने खरं मत वेगळं दिलं असेल तर का, आणि तेच दिलं असेल तर त्याची किंमत काय मोजली?' साठ टिपणं तपासायला दोन-अडीच तास लागतात. पाव कागद मात्र वर्गातच, गट बोलत असताना तपासून टाका, घरी नेऊ नका.